शेवटच्या रांगेतली खिडकी

प्रिय ताई,

तू फोन कापलास तेव्हा माझं बोलणं अर्धंच झालं होतं. चार पैसे हातात आले की लगेच साहेबी थाट, हे तुझं वाक्य मात्र पुरं झालं. असू दे, लहानपणापासून शेवटचा शब्द तुझाच. पण बाबांना माझ्याकडे पाठवायला आमच्याच कंपनीचं तिकीट काढण्याआधी मला एका शब्दाने विचारायचं होतंस की नाही? भाऊ विमानाच्या खुर्च्या बसवतो, आणि तू सल्ला घेतलास कुणाचा, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा! तो म्हणाला शेवटची रांग स्वस्तात पडेल, वर खिडकीही देतो, की तू खूश. बाबा तर काय, आत्तापासून ढग मोजायला बसले असतील.

मागची जागा नको म्हटलं तर मी तोरा मिरवतोय असं तुला वाटलं. तसं नाही गं. फोनवर नीट सांगता येईना, कारण घरात फोन एकच आणि तो बाबांच्या उशाशी. आलेला निरोप ते अर्ध्या गल्लीला वाचून दाखवतात. म्हणून कागद घेतला. माझ्या जोडीला काम करणारा पैलवान सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती पाठवतोय. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. सातवीत शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही. लागेल तसं लावून वाच.

मी एका जागी न टिकणारा माणूस. गॅरेज सोडलं, गोदाम सोडलं, त्या बेकरीत तर पहिला पगारही घेतला नाही. आणि नशीब बघ, आता दिवसभर दुसऱ्यांच्या बसायच्या जागा पक्क्या करतो. आमची शेड एवढी मोठी की आपली सगळी गल्ली आत मावेल. तिच्यात विमान पोट उघडून उभं असतं. सध्या एकच काम चालू आहे. कंपनीने नवा वर्ग काढलाय, मधला. पुढे बिछाने टाकून झोपणारे बडे लोक, मागे आपल्यासारखे, आणि आता या दोघांच्या मध्ये थोडे जास्त पैसे भरणारे. त्यांना रुंद खुर्ची, पाय ठेवायला फळी, हात टेकायला स्वतःची जागा, शेजाऱ्याशी कोपराची मारामारी नाही. छान आहे, खोटं कशाला बोलू. पण विमान काही लांब झालेलं नाही ना ताई. पुढच्यांची गादी इंचभर हलवायची कुणाची छाती नाही. मग ही जागा आली कुठून? मागच्यांच्या गुडघ्यांतून. मागची प्रत्येक रांग आम्ही सोडवतो, मागे सरकवतो, पुन्हा ठोकतो. संडाससुद्धा अरुंद केले. मुकादम म्हणतो, आता लोकांनी गुडघे घरी ठेवून यावं. आम्ही हसतो. पैलवान एकदा गंमत म्हणून शेवटच्या रांगेत खिडकीशी जाऊन बसला, तर त्याला उपसून काढायला दोघं लागले. तेव्हाही हसलो.

त्या शेवटच्या रांगेची पाठ मागे कलत नाही, कारण मागे भिंत. खिडकीपाशी, बरोबर पाय जातात तिथे, सिनेमा दाखवणाऱ्या पडद्याच्या तारांची लोखंडी पेटी. झेरॉक्सवाल्याच्या जागा दाखवणाऱ्या चित्रात ती दिसत नाही. त्यात नुसते चौकोन, सगळे सारखेच.

एवढं असूनही धडधाकट माणूस मध्येच उठेल, फेरी मारेल, आळस देईल. पण आपले बाबा? तुला आठवतं ना, बसमध्ये शेजारचा झोपला होता म्हणून त्याला न उठवता ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथून उन्हात चालत घरी आले. विचारलं तर म्हणे, दमलेला दिसत होता बिचारा. विमानात त्यांच्या आणि वाटेच्या मध्ये दोन परकी माणसं असणार. ते उठणार नाहीत. संडासला जावं लागू नये म्हणून पाणी पिणार नाहीत. बाईने पाण्याची बाटली दिली तर आभार मानतील आणि तशीच ठेवून देतील. दिवसभर शिलाई मशीनचं पायडल मारणारा माणूस, पण तिथे त्याचे पाय अख्खा दिवस एका घडीत राहतील. आणि तू परवा बोलता बोलता म्हणालीस, बाबांची एक पोटरी सुजलीय, हात लावला तर गरम लागते, पण ते हसण्यावारी नेतात. तू सहज म्हणालीस आणि तिकिटाचं बोलायला लागलीस. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

का ते आता सांगतो, आणि हे बाबांच्या कानावर जाता कामा नये. गेल्या आठवड्यात एक विमान प्रवास संपवून थेट आमच्या शेडमध्ये आलं. त्याचं काम आम्ही आधीच उरकलं होतं, यादीत ते नव्हतंच. मुकादमाने फक्त मला आणि पैलवानाला आत बोलावलं. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. शेवटच्या रांगेत खिडकीच्या खुर्चीवर प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. ती काढा, दुसरी बसवा, आणि बाहेर तोंड उघडू नका, एवढंच सांगितलं. झाडणाऱ्या बाईने मागाहून सांगितलं, म्हातारा एकटाच होता, सगळ्यांना वाटलं झोपलाय. उतरायची वेळ झाली, सगळे उठले, तो उठला नाही. कंपनीचा डॉक्टर म्हणाला हृदय कमजोर होतं. असेलही. खुर्चीनेच मारलं असं मी छातीठोक म्हणत नाही. पण खुर्ची उचलली तेव्हा त्या लोखंडी पेटीच्या आड त्याचे बूट सापडले. नाड्या अगदी शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेल्या. पाय एवढे सुजले असणार की ते पुन्हा आत गेले नसते. समोरच्या खुर्चीच्या खिशात पाण्याची बाटली होती, झाकणसुद्धा न फिरवलेली. तेव्हापासून मी शेवटच्या रांगेशी वाकलो की मला बाबांच्या पायांचे घोटे दिसतात. तर ताई, भांडण नंतर कर, आधी त्यांना डॉक्टरकडे ने. आज पत्र मिळालं तर आजच. डॉक्टर नको म्हणाला तर तिकीट फाडून टाक, माझी खोली काही पळून जात नाही. जा म्हणाला तरच जागा बदल. मधला वर्ग, आणि वाटेकडची जागा, खिडकी नको. जास्त पैसे भरल्याचं कळलं तर ते हट्टाने मागे जाऊन बसतील, म्हणून सांग, कामगारांच्या वडिलांना कंपनी फुकट देते. ढगांसाठी रुसले तर रुसू देत. मी मोटरसायकल विकली, तिचं नाव काढू नकोस. डॉक्टर आणि जागा दोन्ही त्यात होईल. पैलवानासमोरच पाकीट उघड. आत बेचाळीस हजार आहेत.

तुझाच,
धाकटा