बाबांची टाच

नेर, ८ जुलै २०२४

चि. संघदीप यास,
सप्रेम जयभीम व अ. आ., वि. वि. फोनवर मी बोलायला लागले की तुझा क्लास सुरू होतो, म्हणून पत्र.

पेपरातला फोटो पाहिला. माणसाएवढ्या व्हायोलिनसारखा उभा बास, बाजूला तू आणि तुझी पुण्याची जॅझवाली मंडळी. चार पेपर आणले, तीन शेजारी वाटले. चौथा वाचला आणि पोटात दुखलं. तुझी म्हणे शिकवायची खास पद्धत आहे, साथीदाराच्या हाताकडे नाही, टाचेकडे बघा! अरे, ही पद्धत तुझी कधीपासून झाली? भीमगीतांच्या पार्टीत आपले बाबा उभे राहून गायचे आणि मागे बास गिटार घेऊन मी बसायची. ओळ बदलायच्या आधी ते टाच दाबतात, हे मी हेरलं. तुला मी शिकवलं. मग माझं लग्न झालं आणि गिटार तुझ्याकडे गेली.

आता माझी उर्वशी म्हणते, बास शिकीन तर मामाकडेच. गिटार नेलीस, आता पोरगीही ने. मी जळते आहे, लिहूनच देते. तिला पाठवायचं की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

लोभ पातळ झालाय, उत्तर बघून घट्ट करीन.
दीपमाला

पुणे, १५ जुलै

ती. ताईस,
सा. जयभीम. चुकलो. पेपरवाल्याला मी गुरू म्हणून मोठमोठी नावं सांगितली, तुझं गिळलं. लाजेपोटी नाही ताई, जळफळाटापोटी. मी कितीही चांगलं वाजवलं तरी बाबा म्हणायचे, दीपीच्या बोटाची सर नाही. वीस वर्षं झाली, सकाळी पोरांना शिकवतो, संध्याकाळी हॉटेलात वाजवतो, आणि ते वाक्य काही पाठ सोडत नाही.

उर्वशीला पाठव. पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला तुझं नाव सांगीन.

रागासकट लोभ असू दे.
संघदीप

पुणे, ५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. जयभीम. काल सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, उर्वशीनं नाही. नंतर जिन्यात तिनं मला विचारलं की आई बास वाजवायची, हे मले आजवर कोणी काहून नाही सांगितलं. मी पेपरापासून लपवलं ताई, तू तर पोटच्या पोरीपासून.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर दे.
संघदीप

नेर, १२ ऑगस्ट

चि. संघदीप यास,
जयभीम. सांगितलं असतं तर सोडलं कायले, हेही सांगावं लागलं असतं. सासरी कोणी बंदी केली नव्हती. वाजवतेस का, असं कोणी विचारलं नाही, आणि मी रुसून बसले. बावीस वर्षं.

धम्मचक्र दिनाला उर्वशी घरी येईल. तिच्यासोबत बाबांची गिटार पाठव, नव्या तारा घालून. तोवर तिला बोटं शिकव, टाच शिकवू नकोस. ती मी शिकवणार. बाबांच्या जागी मी उभी राहीन, ती माझ्या मागे बसेल.

तूही ये. पण बसायचं तिच्या मागे.

तुझी, अजून थोडी जळणारी,
ताई