फोटोची डार्करूम पाडू नये, गल्लीचा निवारा म्हणून ठेवावी

प्रति,
मा. बांधकाम अधिकारी,
नगरपालिका कार्यालय.

विषय : वावटळीतून वाचलेली डार्करूम न पाडण्याबाबत.
संदर्भ : आपली पाडकामाची नोटीस. (याच खोलीच्या दारावर चिकटवलेली. चिकटवायला दुसरी भिंत उरली नव्हती.)

महोदय,

१. माझे यजमान फोटोग्राफर होते. फोटो धुण्यासाठी त्यांनी जाड भिंतींची, बिनखिडकीची खोली बांधली. एक तरी खिडकी ठेवा म्हणून मी भांडले होते. ऐकले नाही, हे बरे झाले. वावटळीने पुढचे दुकान उचलून नेले. ही खोली जागची हलली नाही.

२. त्या दिवशी मी जाऊबाईंना घेऊन आत शिरले आणि दिवा लावला. त्याच बटणावर दाराबाहेरचा लाल दिवाही लागतो. तो लागला असताना शिंप्याच्या मामाने एकदा दार उघडले आणि शिंप्याच्या लग्नाचे सगळे फोटो काळे झाले. तेव्हापासून लाल दिवा असताना त्या दाराला कोणी हात लावत नाही. त्यामुळे डोक्यावरचे पत्रे उडत असताना सारी गल्ली बाहेर शिस्तीत उभी!

शिंपी ओरडला, "काकू, अजून किती वेळ?"
मी म्हटले, "अरे मेल्या, आत ये!"
"पण दिवा लाल आहे ना!"

मी दार ढकलले, पण ते बाहेर उघडते आणि त्यालाच सगळे टेकलेले. शेवटी वीज गेली, दिवा विझला, तेव्हा कुठे मंडळी आत आली. तोवर शिंप्याचा हात मोडला होता.

३. खोली धोकादायक ठरवणारे आपले इंजिनिअर साहेब त्या दिवशी गटार मोजायला आले होते. वादळ ओसरेपर्यंत ते जाऊबाईंचा हात धरून आतच बसले होते. तेव्हा त्यांची खोलीबद्दल काही तक्रार नव्हती.

४. तरी विनंती की, दार आत उघडणारे करावे, बाहेरचा दिवा काढावा आणि गल्लीकडून सराव करून घ्यावा. सरावात शिंप्याला आधी आत ढकलावे. आपला नवा निवारा मंजूर झाल्याचे कळले. तो बांधून होईपर्यंत वारा थांबेल, असे आपल्या नोटिशीत कुठे लिहिलेले नाही. उद्या ही खोली पाडली, तर पुढच्या खेपेला आम्ही कुठे शिरायचे?

जागेचा मोबदला नको.

आपली नम्र,
(सही)
फोटोवाल्या काकू
दिनांक : मुदत संपण्याचा आदला दिवस

सोबत : खोलीची किल्ली. खोली ठेवणार असाल तर आपल्याकडे राहू द्यावी. पाडणार असाल तर इंजिनिअर साहेबांनी स्वतः येऊन परत करावी.