सकाळचा मिस्ड कॉल

प्रिय लहानू,

पत्र पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर आपण दोघं नुसते हसतो, नाहीतर तुझ्या शेतातल्या नागलीची चौकशी होते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून म्हटलं, लिहावंच.

परवा हर्षालीचा, म्हणजे आमच्या अमोलच्या मुलीचा, पुण्याहून मेसेज आला: 'मिस यू आजोबा.' मला रिकामटेकड्याला तेवढंच निमित्त. अमोलचा शाळेतला जाडजूड शब्दकोश माळ्यावरून काढला आणि 'मिस' शोधत बसलो. शाळेतल्या मिस निराळ्या, त्यांचं कूळच वेगळं. आपल्या या 'मिस'चा मूळ अर्थ नेम चुकणं. बाण सोडला आणि बाजूने गेला, की झालं मिस. मग बस मिस होऊ लागली, संधी मिस होऊ लागली आणि पुढे कधीतरी माणसंही. मला ते पटलं. चष्मा सापडेना की मी अजून स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतो, "अगं, कुठे ठेवलाय?" मनीषाला जाऊन वर्ष होत आलं. मग आपला मीच उठून शोधतो.

हर्षालीला उत्तर काय द्यावं याचाही पुष्कळ विचार केला. 'आठवण येते' म्हणावं, तर ती पाहुण्यासारखी येते आणि जाते. आपल्याकडचा खरा शब्द 'करमत नाही'. तोच पाठवला. पोरीला कळला नाही, तिच्या आईने समजावून सांगितला म्हणे. मला खरंच करमत नाही, लहानू. अमोल म्हणतो, अंबडचं घर बंद करा आणि इकडे या. त्याचं काही चुकत नाही. पण सातव्या मजल्यावर बसून मी करू काय? इथे निदान कंपन्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्त्यावर गलका होतो, अंगणात मनीषाने लावलेली जास्वंद आहे. हातपाय चालतात तोवर मला माझ्याच घरात राहायचंय.

त्या जुन्या शब्दकोशात 'मिस्ड कॉल' मात्र नाही. आठवतं का रे? आपण कंपनीत एका लाइनीवर होतो, तेव्हा सुट्टी लागली की तू जीपला लटकून सुरगाण्याला जायचास. घरी पोचलास की एक मिस्ड कॉल. दोन रिंगा, आणि बंद. तो आल्याशिवाय मनीषा ताटं घ्यायची नाही. एकदा मी घाईत उचलला, तर परत आल्यावर तू सगळ्या पाळीसमोर माझी शोभा केलीस, "उचलला कशाला? माझा बॅलन्स गेला ना!" नेम मुद्दाम चुकवायचा आणि तरी निरोप पोचवायचा, हे इंग्रजांना काही सुचलं नव्हतं. आता बोलणं जवळजवळ फुकट झालंय, तर मिस्ड कॉल कोणी देत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या मंगळवारी मी बाथरूममध्ये घसरून पडलो. कमरेत अशी कळ भरली की हलता येईना, आवाजही फुटेना. भाजीवाली भागीबाई दाराशी आली, हाका मारल्या आणि "बाबा पुण्याला गेले वाटतं" असं म्हणत पुढे गेली. मी सगळं ऐकत होतो. फार भीती वाटली रे. दुपारी कधीतरी नळाला धरून उठलो. आता बरा आहे, पण तिचा तो दूर जाणारा आवाज डोक्यातून जात नाही. म्हणून हे सगळं पुराण. पत्र मिळालं की कळव. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की तुला मिस्ड कॉल देईन. दोन रिंगा वाजल्या म्हणजे किशोर उठला. नऊपर्यंत वाजल्या नाहीत, तर भागीबाईला फोन कर. तिचा नंबर मागे लिहिलाय, घराची एक किल्लीही तिच्याकडे दिली आहे. अमोलला यातलं अक्षर बोलू नकोस, तो दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन येईल. आणि हो, फोन उचलायचा नाही, नियम जुनाच. पण एखाद्या सकाळी चुकून उचललासच, तर मी शोभा करणार नाही.

तुझाच,
किशोर