तांब्यावर बसतील तेवढ्या तारखा

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ८

काल पुण्याहून परत आलो. दिवाळीचे चार दिवस शंभुराजकडे होतो. मुलाचा फ्लॅट छान आहे, फक्त मी हॉलमध्ये झोपलो की कुणाला बाल्कनीत जाता येत नाही, आणि मी उठून बसलो की बाकीच्यांना बसता येत नाही.

सिद्धम्मा जूनपासून तिथेच आहे. सूनबाईंची सुट्टी संपली, नात शिवकन्या तान्ही, म्हणून आमची ही दोन महिन्यांसाठी गेली. त्या दोन महिन्यांना आता पाच महिने होत आले. मी पूर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं काढली. तिथे पार्सल अडकलं तर कारण लेखी द्यावं लागायचं. घरात तशी पद्धत नाही.

मला त्याचं काही नाही. उलट एकांत आयता मिळाला. गाडीत एका मॅडमचा व्हिडिओ पाहिला: रोजच्या वस्तूंत डिझाइन शोधा. त्या म्हणाल्या, प्रेरणा तुमच्या स्वयंपाकघरातच बसलेली असते. माझ्या स्वयंपाकघरात सध्या दुसरं कुणीच बसत नाही, म्हणजे ती सापडायला सोपी जाईल.

संकल्प: रोज एक वस्तू अर्धा तास बघायची. तीस दिवस. नंतर घरीच प्रदर्शन. सिद्धम्मा परत येईल तेव्हा तिला वाटलं पाहिजे की आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो.

२७ ऑक्टोबर

कपड्यांचा चिमटा बघितला. स्प्रिंग चांगली आहे.

२८ ऑक्टोबर

आजची वस्तू: तोच चिमटा. एका वस्तूला एकच दिवस देणं उथळपणाचं आहे.

३० ऑक्टोबर. संध्याकाळी

आज वस्तू बघितली नाही. कलाकाराला गॅप लागतो. दुपारी डब्यातली भाजी खारट होती, तेव्हा मूडही नव्हता.

सिद्धम्माचा फोन आला. जेवले का, गॅस बंद केला का, दूध तापवलं का. तिन्हीला हो म्हणालो. (एक खरं होतं.) मग तिने आपणहून सांगितलं की पंद्रा तारखेला येते, शंभू तिकीट काढायलाय. मी म्हणालो, घाई करू नकोस, मी कामात आहे.

फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर १५ नोव्हेंबरला गोल केला. गोल चांगला आला. हात अजून स्थिर आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

मोठी झेप घेतली. भिंत रिकामी दिसत होती. चाळणी, पोळपाट आणि सिद्धम्माची लाकडी काठवट, तिन्ही एका ओळीत टांगली. एकट्या माणसाला भाकरी थापायची नसतेच, डबा लावलेला आहे. काठवट नुसती पडून होती. तिच्यावर खिडक्यांचा उरलेला निळा ऑइलपेंट मारून मधोमध मोर काढला.

शेजारच्या राजेश्रीताई वरण द्यायला आल्या. त्या शाळेत शिकवतात, त्यांच्या मताला किंमत आहे. बराच वेळ बघून म्हणाल्या, काका, कोंबडी मस्तच आलीय.

फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, पण चाळणीचाच. काठवट सरप्राइज ठेवली आहे. शंभुराजचा अंगठा आला. बोलून दाखवण्यापेक्षा अंगठा प्रामाणिक असतो.

५ नोव्हेंबर. दुपारी

सापडली! प्रेरणा ताटात होती.

आमटी ओरपून झाल्यावर ताटाच्या काठाकडे नजर गेली. ठोकून काढलेल्या टिंबांची अक्षरं: ‘चि. सांबप्पा यांस विवाहप्रीत्यर्थ, दत्तामामा पिंगळीकर यांजकडून, २८-४-१९८९.’ छत्तीस वर्षं या ताटात जेवतोय आणि अक्षरांकडे एकदाही बघितलं नव्हतं. मामांनी आमच्या लग्नात हे ताट स्वतः डोक्यावर धरून मांडवात आणलं होतं. मामा गेले त्यालाही बारा वर्षं झाली. त्यांचा ‘पिं’ अजून खणखणीत आहे.

सगळी मांडणी खाली उतरवली. एकेचाळीस भांड्यांवर नावं निघाली. जुनी टिंबांची, नंतरची मशीनची. कुणी लग्नात दिलेली, कुणी शंभुराजच्या बारशात, काही कुणाच्या तरी स्मरणार्थ. वही घेऊन यादी केली.

रात्रीचं जेवण मामांच्या ताटात, आत्याच्या वाटीत, पाणी ऑफिसच्या लोकांनी दिलेल्या पेल्यात. एवढी माणसं जेवायला असल्यावर मला एकटा कोण म्हणेल?

८ नोव्हेंबर

नवीन, आणि माझ्या मते अखेरची, कल्पना. स्टीलचा एक कोरा तांब्या. त्यावर माझ्या अक्षरात मजकूर. सिद्धम्मा पंधराला दारात आली की याच तांब्याने गूळपाणी. नुसतं पाणी नाही, डिझाइन प्यायला मिळेल.

मजकूर: ‘सौ. सिद्धम्मा यांच्या पुनरागमनाप्रीत्यर्थ. पूर्णा. दि. १५-११-२०२५.’

बाजारात बन्सीधरचं भांड्यांचं दुकान आहे. नाव टाकायची मशीन त्याच्याकडेच. माझा मजकूर त्याने दोनदा वाचला. म्हणाला, बाबू, तारीख ऱ्हाऊ द्या, वैनी आल्या की टाकू, दोन मिनिटाचं काम हाय. मी म्हणालो, लग्नातल्या भांड्यावर तारीख आधीच टाकतोस की नाही? तो म्हणाला, लगीन ठरलेलं असतंय. मी म्हणालो, हेही ठरलेलंच आहे, तिकीट काढलंय.

त्याने टाकली. अक्षरं माझ्यासारखी आली नाहीत, त्याच्यासारखीच आली. पण तारीख ठसठशीत आहे.

१४ नोव्हेंबर. सायंकाळी ६

शिवकन्याला ताप. तिकीट रद्द. सिद्धम्मा म्हणाली, लेकराला टाकून कसं यावं, तुमीच सांगा. मी सांगितलं, मुळीच येऊ नकोस. खरंच तसं वाटलं. ताप बराच आहे म्हणे.

१५ नोव्हेंबर

सकाळी स्टेशनवर गेलो. कुणाला आणायला नाही, प्लॅटफॉर्मवरच्या बाकांचं डिझाइन बघायला. पुण्याची गाडी वीस मिनिटं लेट होती. सगळे डबे रिकामे होईपर्यंत बाकं बघितली.

घरी आल्यावर तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं. गूळ खाल्ला.

१८ नोव्हेंबर

ताप उतरला. देवाची कृपा. नवीन तारीख ३० नोव्हेंबर, स्वतः शंभुराजने सांगितली.

तांब्याचा पट्टा फूटपट्टीने मोजला. जुन्या तारखेखाली तीन ओळी सहज बसतात, दाटीने चार. जुनी तारीख खोडता येत नाही, पण मॅडमच्या दुसऱ्या व्हिडिओत आहे की चूक लपवू नका, तिलाच डिझाइनमध्ये घ्या. बन्सीधरने मशीन चालू केली.

तीस दिवसांच्या संकल्पाचा आज चोविसावा दिवस. बघितलेल्या वस्तू: चिमटा, चिमटा, तांब्या. क्वालिटी महत्त्वाची.

२९ नोव्हेंबर

लेकराला सांभाळायला ठेवलेली बाई दोन दिवस येऊन सोडून गेली. सूनबाईंना ऑफिसातून सुट्टी नाही. सिद्धम्मा म्हणाली, डिसेंबरात बघू.

मी विचारलं, तुला तिकडे करमतं का? ती म्हणाली, करमायला वेळ कुठाय, दिवसभर हिच्या मागं पळायले. मग तिने मलाच विचारलं, तुमाला करमायलंय ना? मी म्हणालो, मला तर दिवस पुरत नाही.

३० नोव्हेंबर. दुपारी ३

मला करमत नाही.

(वरचं वाक्य खोडणे.)

१ डिसेंबर

कालचं वाक्य खोडायचं राहिलं. पेन सापडत नाही.

९ डिसेंबर

तिसरी तारीख टाकून आणली: १९ डिसेंबर, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. या दिवशी ती येणारच. धाकट्या भावाच्या शेतात आमचं सगळं घर दरवर्षी जमतं, आणि त्या दिवशीची मिसळ भाज्यांची भज्जी सिद्धम्माच्या हातचीच लागते. तिने स्वतः म्हटलं, येळवसीला आल्याबिगर कशी ऱ्हाईन. फोन स्पीकरवर होता, राजेश्रीताई साक्षीदार आहेत.

बन्सीधर म्हणाला, बाबू, आता ह्यो तांब्या कमी आन् गाड्यांचं टाइमटेबल जास्त दिसायलाय. हसलो. कलाकाराला टीका सहन करता आली पाहिजे.

१९ डिसेंबर, येळवस

एकटाच गेलो. शंभुराजला ऑफिसात काम निघालं, सिद्धम्माला एकटीने रात्रीच्या गाडीने पाठवायला तो तयार नाही. बरोबर आहे त्याचं.

तांब्या सोबत नेला होता. त्यातूनच आंबील प्यालो. भावजयीने तांब्या हातात फिरवला आणि सगळ्यांदेखत विचारलं, भाऊजी, ह्या तीन तारखा कशाच्या हो? मी म्हणालो, प्रोसेस आहे ती.  भावजयीने माझ्या पानात भज्जी जास्त वाढली, आणि भाऊ विनाकारण कडब्याच्या खोपीकडे बघत बसला.

भज्जी चांगली झाली होती. तेवढी नाही.

२८ डिसेंबर

प्रदर्शन पुढे ढकललं. भिंतीवरच्या चाळणीमागे पाल राहायला आली आहे. तिला हलवणं मला पटत नाही. घरात कुणीतरी आपणहून आलंय.

२ जानेवारी २०२६

चौथी तारीख. १४ जानेवारी, संक्रांत. हे मात्र पक्कं. सिद्धम्मा म्हणाली, वाणाची भांडी आणून ठेवा, बायका येतील हळदीकुंकवाला. वाणाचं निघालं म्हणजे बाई येणार, यात मला शंका नाही.

ओळ शेवटची आहे, खाली फक्त बूड. बन्सीधरला तसं सांगितलं. तो म्हणाला, मग बारीक टाकतो, जागा ऱ्हाऊ द्या थोडी. मी म्हणालो, गरज नाही, मोठी टाक.

रोज सकाळी तांब्या घासून भरून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवतो. सवय असलेली बरी.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५

आज आली.

तारखेच्या तीन दिवस आधी, न कळवता, अकरा वाजता. मी बनियनवर होतो, दाढी नव्हती. सूनबाईंचे चुलते नांदेडला दवाखान्यात आहेत, त्यांना बघायला सगळे कारने निघाले होते. वाट वाकडी करून इथे चाळीस मिनिटं थांबले. शंभुराज दारातूनच म्हणाला, बाबा, बसत नाही, उशीर व्हायलाय. सूनबाई गाडीतच होत्या, शिवकन्या त्यांच्या मांडीवर झोपली होती. काचेतून बघितली. माझ्यासारखं कपाळ आहे.

सिद्धम्मा आत आली. केस बरेच पांढरे झालेत. मी कोनाड्यातला तांब्या पुढे केला. गूळ द्यायचा राहिला. ती उभ्यानेच, वरून, अर्धा तांब्या प्यायली. मग अंगठा अक्षरांवरून फिरवत म्हणाली, एवढं काय लिवलंय ह्याच्यावर? चष्मा गाडीत राहिला होता तिचा.

मी म्हणालो, दुकानाचा पत्ता.

ती म्हणाली, एवढा लांब?

मग तिने सांगितलं की काठवट न्यायला आले. तिकडची परात हलते, भाकरी नीट थापता येत नाही.  बोलताना तिने भिंतीकडे बघितलं. निळ्या रंगावरून हात फिरवला, नखाने थोडं खरवडून बघितलं. मी म्हणालो, डिझाइन आहे. ती म्हणाली, आईची होती.

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. त्यात वेळ गेला असता आणि थोडी थांबली असती.

दूध सांडलेलं बघितलं, गॅस पुसला, डब्यातली भाजी चाखून तोंड वाकडं केलं. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं तेवढ्यात हॉर्न वाजला. मी विचारलं, मग संक्रांतीला? ती म्हणाली, आता आलेच की, आन् परत तीन दिसात कशी येऊ? पोरगी शाळेत जाईस्तोवर असंच चालायचं, तुमीच येत जा. म्हणजे तीन वर्षं. त्या हिशेबाने तांब्या पुरणार नाही, हंडा घ्यावा लागेल.

निघताना उरलेलं पाणी तिने कुंडीत ओतलं आणि तांब्या पिशवीत टाकला. म्हणाली, हलका हाय, पोरीच्या आंघोळीला बरा पडंल.

मी नको म्हणालो नाही. ती पहिल्यांदाच माझ्या हातची वस्तू आपणहून नेत होती.

१२ जानेवारी

माझी कलाकृती आता पुण्यात आहे. रोज वापरात. मॅडमच्या व्हिडिओत यालाच डिझाइनचं यश म्हटलं आहे.

काठवटीचा रंग पॉलिशपेपरने घासतोय. मोर गेला, निळा रेषांमध्ये शिरून बसलाय.

१३ जानेवारी. सायंकाळी

बाजारात गेलो होतो. सहज. बन्सीधरने लांबूनच हाक मारली. म्हणाला, वैनी येऊन गेल्या म्हणं. हो म्हणालो. तो म्हणाला, मग आणा तांब्या, खरी तारीख टाकून देतो, बुडाला जागा हाय.

सांगितलं, तांब्या गेला. कुठं? पुण्याला.

त्याने मशीन बाजूला सारली. म्हणाला, आन् तुमी?

घरात काय काय काम पडलंय ते सांगणार होतो. काठवट घासायची आहे, यादी पूर्ण करायची आहे. तोंडातून निघालं, मला करमत नाही, बन्सीधर.

त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले.