पाय धुवाची जोडी

रिंकीचे बाबा,

मी पास्टरसाहेबाकडं चालली. भात झाकून ठेवला आहे, जेवून घेजा.

येशूनं शिष्याचे धुतले तसे आज संध्याकाळी चर्चमंदी एकमेकाचे पाय धुवाचे आहेत. कोणी कोणाचे धुवाचे याच्या चिठ्ठ्या काढल्या, तं तुमच्या वाट्याले तुमचेच भाऊ आले, ओमेश्वर भाऊजी. दोन शेताच्या मधातल्या धुऱ्यावरून भांडण झालं तेव्हापासून तुमी दोघं बोलत नाही, म्हणून मीच काल गुपचूप जोडी बदलून घेतली. मंग घरी प्रार्थनेत "तुझ्या मनासारखं होऊ दे" म्हणता म्हणता जीभ अडली. देवाचं काम मी सुधारून राहिली होती! आता पहिलीच जोडी राहू द्या म्हणून सांगाले चालली.

रागावून घरी बसू नका. दोरीवरचा टॉवेल आणजा. भाऊजीची टाच फुटली आहे, हळू धुजा.

अल्का