चौदा वर्षं पायरीवर बसलेल्या भावास

मी, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम, खाली लिहून ठेवतो ते स्वखुशीने. कोणाचं दडपण नाही, औषधाची गुंगी नाही, डोकं ठिकाणावर आहे. कमरेखालचं शरीर ठिकाणावर नाही, पण सही हाताने करायची असल्यामुळे वकीलबाईंची त्याला हरकत नाही. याआधीचं मृत्युपत्र मी रागाच्या भरात केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची सुतारकामाची शेड, माझ्या पत्नीला. तिला तिथून कोणी हलवू नये. तसं तिच्यापुढे कोणाची डाळ शिजणार नाहीच म्हणा. चौदा वर्षं ती मला रात्रंदिवस दर तीन तासांनी कुशीवर वळवते आहे, म्हणून माझ्या पाठीला आजवर एकही जखम झालेली नाही. डॉक्टरांना याचं नवल वाटतं. मला लाज वाटते, कारण पहिली तीन वर्षं मी तिच्याशी धड बोललोसुद्धा नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक तिचीच. त्यातून तिने आधी नवा चष्मा करावा. तडकलेल्या काचेतून बघत "चालतंय की" म्हणू नये.

कलम ३. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिट, सगळी हत्यारं माझ्या धाकट्या भावाला. मोठ्या रंध्याची मूठ माझ्या पंजाला बसेल अशी घासली आहे, ती त्याने खुशाल बदलावी. पटाशीला धार लावताना तो घाई करतो. हे त्याला आधी वडील सांगत होते, नंतर मी. आता पुढे कोण सांगणार, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम ४. शेडमधले नऊ वासे आणि सगळ्या फळ्या आमच्या चर्चला, पण एकाच कामासाठी. दारापुढच्या सहा पायऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा, आणि तो धाकट्याने बांधावा. मंडळीने मी चालावं म्हणून प्रार्थना केल्या, उपास केले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच विश्वासापायी त्यांनी उतार मात्र बांधला नाही. "उतार बांधला म्हणजे आपणच हात टेकल्यासारखं होईल," असं कोषाध्यक्षकाकूंचं म्हणणं. त्यामुळे दर रविवारी दोघे जण मला खुर्चीसकट उचलतात. आता बेकरीवाल्याच्या आईचे गुडघे गेलेत, तिला कोण उचलणार? मी चालत नाही हे देवाला ठाऊक आहे. त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

अपघातानंतर चौथ्या वर्षी बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी भर उपासनेत मला "ऊठ!" म्हटलं. मी उठायला गेलो आणि धाडकन तोंडावर आपटलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी पडलो होतो ते बाकांच्या खाली. बाक माझ्याच हातचे. त्यांची खालची बाजू कोणी बघत नाही, तरी मी तिलाही रंधा मारला होता, ते फरशीवरून मला दिसलं. वाटलं, प्रभू येशूही सुताराच्याच घरात वाढला. खालची बाजू त्याला दिसतेच. त्याने मला उभं केलं नाही, पण तो माझ्यापाशी फरशीवर आला, हे मी शपथेवर सांगतो. मी रडलो आणि मग हसत सुटलो. पत्नीला वाटलं, डोक्याला मार लागला. पाय तेव्हा होते तसेच आजही आहेत. पण त्या दिवसापासून सकाळी डोळे उघडले की मला पुढचा दिवस हवासा वाटतो. त्याचे आभार मानायला मला एक जन्म पुरणार नाही.

कलम ५. आता जे बोललो नाही ते. मी चर्चच्या छताचं काम करताना शिडीवरून पडलो, कारण धाकटा धरलेली शिडी सोडून गेला, असं सगळे समजतात. तो नाकारत नाही. दर रविवारी मला दारापर्यंत आणतो, खुर्ची चर्चच्या पाळकसाहेबांच्या हाती देतो आणि स्वतः बाहेर पायरीवर बसतो. "दादा चालत आत जाईल त्या दिवशी मीही जाईन," असं त्याने ठरवून टाकलंय. खरं असं आहे, की खिळे संपले म्हणून वरून मीच ओरडलो, "जा, घेऊन ये." तो म्हणाला, "शिडी सोडू?" मी म्हणालो, "सोड रे! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नाही. मीही नाही, आधी रागामुळे आणि नंतर लाजेमुळे. माझी चूक त्याने अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

इथवर लिहून पत्नीला वाचून दाखवलं. तिने तडकलेला चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "म्हणजे हे तुम्ही गेल्यावर त्याला कळणार? वा रे वा! तुम्ही सुटलात. तो बिचारा पायरीवर म्हातारा होतोय त्याचं काय?" वकीलबाईंनीही पेन खाली ठेवलं.

कलम ६. सबब, कलम ५ माझ्या मृत्यूची वाट बघणार नाही. उद्या उपासनेत, सूचनांच्या वेळी, ते मी स्वतः वाचीन. पाळकसाहेबांनी दार सताड उघडं ठेवावं.

पुरवणी. रविवार, उपासनेनंतर लगेच. कलम ५ वाचलं. मध्येच कागद पडला, तो कोषाध्यक्षकाकूंनी उचलून दिला. "सोड रे" पाशी अडखळलो, ते पुन्हा वाचावं लागलं. धाकटा दारात येऊन उभा राहिला. "दादा, पुरे आता," म्हणाला. मी म्हणालो, "चुकलो रे मी. आत ये. या पायांची वाट बघू नकोस." तो आला. कुठे बघावं ते त्याला कळेना. पहिल्या बाकावर हात ठेवला, बाक हलवून पाहिला, आणि सगळ्या मंडळीवरच डाफरला, "हा सांधा ढिला झालाय! इतक्या वर्षांत एकाचंही लक्ष नाही?"

साक्षीदार म्हणूनही त्यालाच सही करायची होती. ज्याला काही मिळायचं आहे त्याची साक्ष चालत नाही, असं वकीलबाईंनी बजावलं.

सही: सुतार

साक्षीदार: १. पाळकसाहेब २. बेकरीवाला

दिनांक: १० मार्च

ठिकाण: चर्चमधला पहिला बाक. अक्षर हललं आहे, कारण धाकटा बाक ठोकतो आहे.