बिनपत्त्याचा खण

३ जून
नव्या गावात, नव्या नोकरीत पहिला दिवस. इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात पत्रलेखक. फोटोत काही आढळले की रुग्णाला बोलावणारे पत्र मी लिहायचे. वीस वर्षे बातमीदारी केली. आता निदान मजकूर शेवटपर्यंत वाचला जाईल. शिरस्त्याप्रमाणे माझ्याही छातीचा फोटो निघाला. परिचारिकाबाईंनी नंबराची चिठ्ठी दिली, ती मी न बघताच संस्कृत कोशात खूण म्हणून घातली. ही तिकडची शाळा सोडून मार्चनंतर येणार. फोनवर म्हणाली, तोवर नोकरी टिकवा म्हणजे मिळवलं.

११ जून
अहवालावर नाव नसते, नुसता नंबर. पत्ते वेगळ्या वहीत. आज ४१७चा पत्ता वहीत नाही. शेरा: उजव्या फुप्फुसात गाठ, तातडीने बोलवा. तरी पत्र झकास उतरले – ‘घाबरून जाऊ नये, लवकरात लवकर यावे’. नियमाप्रमाणे बिनपत्त्याच्या खणात ठेवले.

१९ ऑगस्ट
मोठ्या डॉक्टरांचा लेख शुद्धलेखनासाठी आला. फुप्फुसाचा कर्करोग सहसा हाडांत, मेंदूत, यकृतात पसरतो. क्वचित अंगठ्याच्या टोकाला, हिरडीत, डोळ्यात. मी ‘वाट चुकलेला पाहुणा’ अशी उपमा घातली, त्यांनी खोडली.
माझा अंगठा सुजलाय. परिचारिकाबाई म्हणाल्या, एवढं लिहिण्यापेक्षा अंगठेबहाद्दर असतात तर बरं होतं.

७ सप्टेंबर
नखुरडे समजून शेकतोय. अंगठा निळा पडलाय. खोकला हटत नाही. हिरडीवर गाठ. दातांचे डॉक्टर म्हणाले, अशी गाठ इथे पाहिली नाही. मी पाहिली आहे. लेखाच्या दुसऱ्या पानावर. हसलो, पण –

१४ सप्टेंबर
परिचारिकाबाईंना सहज विचारले, माझ्या फोटोचे काय झाले? म्हणाल्या, चांगलाच असणार, नाहीतर पत्र नसतं का आलं? कर्मचाऱ्यांचे पत्ते वहीत नसतात, त्यांचं पत्र हातात देतात. एवढं कुणी सांगितलं नाही तुम्हाला?
कोश उघडला. ४१७.

१६ सप्टेंबर
मोठ्या डॉक्टरांनी माझे पत्र दोनदा वाचले. जूनमध्ये गाठ एकाच जागी होती, म्हणाले. काढता आली असती. पत्राची घडी नीट घालून ते परत दिले.

२ ऑक्टोबर
उजव्या डोळ्याला ओळीचा शेवट दिसत नाही. लेखाचे तिसरे पान.
हिचा फोन रोज येतो. नोकरी टिकली का, विचारते. टिकली, म्हणतो.

९ ऑक्टोबर
फोनवर तोंड उघडत नाही. पत्रच लिहितो. मजकूर शोधावा लागला नाही – घाबरून जाऊ नये, लवकरात लवकर –
पाकीट घेतले. पत्ता पाठ आहे, पण अंगठा पेन धर